मदत हवी आहे : सिम्पसन्सच्या गाण्यांची सीडी ऐन हव्या त्या गाण्यावर अडकते

बंडू_वारजेकर
मंडळी, घाईत आहे. शनिवारी सोसायटीची कोजागिरी. 'द सिम्पसन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेच्या गाण्यांची सीडी आहे, त्यातलं अपूचं (मालिकेतला भारतीय दुकानदार) दुकानाचं गाणं आलं की टक-टक-टक, आणि पुढे सरकतच नाही. आधीची गाणी झक्कास वाजतात. पुसून पुसून हात दुखले. कृपया 'यूट्यूबवर बघ' सांगू नये, तेवढं मलाही सुचतं.

अर्धवट_इंजिनियर
कुठली सीडी? १९९० ची 'सिंग द ब्लूज' असेल तर ती स्टुडिओत वेगळी केलेली गाणी, मालिकेतली नव्हेत. अपूचं गाणं १९९७ च्या 'साँग्ज इन द की ऑफ स्प्रिंगफील्ड'वर आहे. कशावर वाजवतोस? ओरखडा चकचकीत बाजूला की छापील?

बंडू_वारजेकर
१९९७ वालीच. प्लेअर उत्तम आहे. ओरखडा नाही.

पेठेतला_पंप्या
टूथपेस्ट. पांढरी, जेलवाली नको. पाच मिनिटं गोल गोल चोळ, धू, पूस. माझ्या तीन सीडी वाचल्या आहेत.

अर्धवट_इंजिनियर
अहो, ओरखडा नाही म्हणतोय तो! आणि गोल चोळायला काय सांगता? चोळायचंच तर मधल्या भोकापासून कडेकडे, सरळ. तसा आडवा चरा प्लेअर सांभाळून घेतो. गोल चरा पडला की एका जागची माहिती सलग जाते, मग काही भरून निघत नाही.

पेठेतला_पंप्या
माझ्या तीन वाचल्या. तुमच्या किती?

सुमामावशी
बंडू, पेन्सिल घे, सहा बाजूंची. चाकात घालून हळूहळू फिरव, फीत बाहेर आली असेल तर सपाट करून आत घे. आमच्याकडे नाट्यगीतांच्या कॅसेट अजून चालू आहेत.

बंडू_वारजेकर
मावशी, सीडी आहे हो.

खवट_खोबरं
मला वेगळाच प्रश्न पडलाय. अपूचं गाणं? भारतीय उच्चाराची टिंगल म्हणून २०१७ मध्ये विनोदवीर हरी कोंडाबोलूने या पात्रावर अख्खा माहितीपट काढला, २०२० मध्ये अपूचा आवाज करणाऱ्या हँक अझारियाने त्याला आवाज देणं सोडलं. आणि आपण वारज्यात तेच उगाळायचं?

बंडू_वारजेकर
उच्चाराची नक्कल कोण करतंय? शब्द मराठी आहेत, माझे. सगळी बिल्डिंग म्हणते, कोपऱ्यावरचं दुकान हवंय कुणाला, दहा मिनिटांत सगळं घरपोच येतं. शेवटी दुकानदार एकटाच उरतो. चेअरमनकाका करणार आहेत, सुट्ट्यांऐवजी चॉकलेट देण्याची तालीम जोरात आहे.

खवट_खोबरं
हे आधी लिहायचं ना. मग चाल अगदी बरोबर निवडलीस. १९९४ च्या भागात ते गाणं असंच उलटतं. आधी घरभर उड्या, 'दुकान गेलं खड्ड्यात' छाप, आणि मग तीच चाल हळू होते आणि छतावर एकटा अपू. मालिकेचा संगीतकार आल्फ क्लॉसन, त्याची कमाल. १९९० ते २०१७, दर भागाला साधारण ३५ वादकांचा ताफा बसवायचा हा माणूस. विनोदी गाणं म्हणून वाद्यांत कुठेही चावटपणा नाही, म्हणूनच हसू येतं.

पेठेतला_पंप्या
अवांतर : आपल्याकडे मालिकांच्या विनोदी गाण्यांची अशी सीडी का निघत नाही? चिमणराव आणि आबा टिपरे, दोन्ही एकट्या प्रभावळकरांचे. त्यांना गायला लावलं असतं तर?

अर्धवट_इंजिनियर
बंडू, सीडीची खालची बाजू रुपेरी आहे का?

बंडू_वारजेकर
हिरवट. मावसभावाने २००१ मध्ये बनवून दिली होती. वर छान गोल स्टिकर चिकटवलाय.

अर्धवट_इंजिनियर
हे तिसऱ्या प्रतिसादात सांगितलं असतंस तर! ही घरी लिहिलेली सीडी, त्यातला रंग वर्षांनी फिका पडतो. शिवाय स्टिकरचा गोंद आकसतो, चकती किंचित वाकते, वेगात फिरली की डगमगते. संगणकावर 'एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी' हे सीडीवरची गाणी उतरवून घेणारं सॉफ्टवेअर टाक, ड्राइव्हचा वेग जमेल तेवढा कमी कर. ड्राइव्ह नसेल तर तापकीर गल्लीत यूएसबीचा डीव्हीडी रायटर मिळेल. स्टिकरला हात लावू नकोस. माहितीचा थर त्याच्या लगेच खाली असतो, कागदाबरोबर सोलून निघेल.

बंडू_वारजेकर
अर्धा काढला.

अर्धवट_इंजिनियर
कुठून???

बंडू_वारजेकर
बाहेरच्या कडेने. प्रकाशात धरली तर कडेला आरपार दिसतंय. लसणाच्या सालीसारखं निघून आलं.

अर्धवट_इंजिनियर
नशीबवान आहेस. सीडी आतून बाहेर लिहिली जाते, गेली असतील ती शेवटची गाणी. तुझं वाचलं असेल. आता मात्र थांब, आणि आधी कॉपी कर.

सुमामावशी
लसूण कशाला हवाय तिथे?

बंडू_वारजेकर
ऑफिसच्या जुन्या संगणकावर ४ च्या वेगाने झाली कॉपी! मधे एक 'टक' राहिलंय, चालेल. आता शेवटचं. यातला आवाज काढून नुसतं संगीत कसं ठेवायचं? शब्द आमचे आहेत ना.

अर्धवट_इंजिनियर
म्हणजे तुला मुळात कराओके हवं होतं. धन्य आहेस.

पेठेतला_पंप्या
ऑडॅसिटी, आवाज कापायजोडायचं सॉफ्टवेअर. डाव्या स्पीकरच्या आवाजातून उजव्याचा वजा करायचा, मधला गाणाऱ्याचा आवाज गायब. आम्ही हेच करायचो.

खवट_खोबरं
आणि मधोमध असलेले बास-ढोलही गायब. पोकळ संगीत उरतं. त्यापेक्षा डीझर या गाण्यांच्या कंपनीने २०१९ मध्ये फुकट खुलं केलेलं स्प्लीटर सॉफ्टवेअर वापर, आवाज आणि वाद्यं वेगळी काढून देतं. कोरसची भुतं थोडी राहतील, पण चाळीस माणसं वरून ओरडणार आहेत, कुणाला कळतंय?

बंडू_वारजेकर
झालं! भुतं आहेत, पण काका जोरात गातात. छतावरचा तुकडा मात्र हार्मोनियमवर घेतोय, तिथे काकांचा गळा खरंच दाटतो. सर्वांचे आभार.

पेठेतला_पंप्या
उरलेल्या अर्ध्या स्टिकरला टूथपेस्ट लाव, सुटेल.