मदत हवी आहे: गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत जरा बरं दिसेल असं काय घालू?

वैतागलेली:
थेट मुद्द्यावर येते. एकही कपडा धड बसत नाहीये. आधीचे कुर्ते पोटावर अडकतात. दोन साइज मोठे घेतले, तर गळा खांद्यावरून घसरतो आणि बाह्या लोंबतात. मॅटर्निटी म्हणून जे मिळतं त्यावर एकतर टेडी बेअर, नाहीतर पोटावर बाण काढून काहीतरी विनोद छापलेला. तसलं नको. चारचौघांत उभं राहता येईल असं, नीटनेटकं आणि न टोचणारं काहीतरी सुचवा. गाऊन सुचवू नका, घरात तोच घालून फिरतेय. लवकर सांगा, फार वेळ नाहीये.

चष्मिष:
फार वेळ नाही म्हणजे कशाला? डिलिव्हरीला की कुठे जायचंय? कितवा महिना? काम बसून आहे की उभ्याने? इतक्या माहितीवर काय सांगणार?

दोनपोरांचीआई:
अगं, सोपं आहे! नवऱ्याचे शर्ट घाल. मी दोन्ही वेळेला तेच केलं. बाह्या दुमडायच्या, खाली लेगिंग. एक पैसा खर्च नाही.

सुईदोरा:
@दोनपोरांचीआई, ती स्वतःच सांगतेय की मोठी साइज खांद्यावर बसत नाही. नवऱ्याच्या शर्टाचे खांदे काय वेगळे असणार? शिवाय असे शर्ट पोटावर बटणांच्या मधे फाकतात.

दोनपोरांचीआई:
माझे नाही फाकले. प्रत्येकीचं पोट वेगळं असतं.

वैतागलेली:
३४वा आठवडा चालू आहे. पुढच्या आठवड्यात ऑफिसची मोठी परिषद आहे, त्यात माझं सादरीकरण आहे. स्टेजवर उभं राहून बोलायचंय, बाकी दिवस खुर्चीत. हॉलमधे एसी आहे, पण मला सतत उकडतं. आणि हो, नवऱ्याचे शर्ट मला आत्ता छातीतच होत नाहीत, पोट तर पुढची गोष्ट.

सुईदोरा:
आता कळलं! ताई, साइज वाढवत बसू नका. पोट वाढलं म्हणून खांदे वाढत नाहीत. मोठ्या साइजमधे गळा, खांदा, मुंढा सगळंच रुंद होतं, म्हणून तो गबाळा अवतार दिसतो. कपडा खांद्याला आणि बाहीला अचूक बसला, की पोटावर कितीही घेर असला तरी नीटच दिसतं.

दोन प्रकार बघा. एक, छातीच्या खाली जोड असलेला ड्रेस, ज्याला एम्पायर लाइन म्हणतात. शरीराचा तेवढाच भाग अजून बारीक आहे, तिथे बेतशीर आणि खाली मोकळा. दुसरा प्रकार अंगालगत बसणारा लांब निटेड ड्रेस, मोडाल किंवा व्हिस्कोस अशा मऊ कापडाचा, त्यात पाचेक टक्के लायक्रा, म्हणजे ताणला जाणारा धागा. पोट लपवायला गेलं की माणूस आणखी रुंद दिसतो. दिसू दे की!

महत्त्वाचं: विकत घेताना पुढची किनार तपासा. साध्या कपड्यात पोटामुळे पुढची बाजू उचलली जाते आणि मागची खाली लोंबते. खऱ्या मॅटर्निटी कटिंगमधे पुढचा भाग जास्त लांब कापून बाजूच्या शिवणीत चुण्यांमधे घेतलेला असतो. चुण्या नसतील तर त्या लेबलला अर्थ नाही, तो नुसता ढगळ कपडा.

निवांत:
+१. उकडण्याबद्दल: या काळात शरीरातलं रक्ताचं प्रमाण ४० ते ५० टक्क्यांपर्यंत वाढतं, त्यामुळे उकडणं साहजिक आहे. एकच जाड कपडा घालण्यापेक्षा पातळ बिनबाह्यांचा ड्रेस आणि वरून उघडं जॅकेट घाला. जॅकेटची बटणं लावायचीच नाहीत. दोन्ही बाजूंनी सरळ उभ्या रेषा मिळतात, अंग लांबट दिसतं आणि उकडलं तर काढता येतं. तुमचं जुनं जॅकेटही चालेल, खांद्यात बसतंय ना?

मितभाषी:
सगळे कपड्यांचंच बोलताय. मुळात सपोर्ट बेल्ट, म्हणजे पोटाला खालून आधार देणारा पट्टा, लावा. कंबर सरळ राहिली की कुठलाही कपडा खुलतो. माझ्या बहिणीने आठही प्रहर लावला आणि शेवटपर्यंत ताठ चालत होती. बेल्टशिवाय शेवटची तिमाही काढणं म्हणजे वेडेपणा.

सुईदोरा:
बेल्ट पाठ दुखत असेल तर. त्यांनी पाठीचा उल्लेख तरी केलाय का? आणि निटेड ड्रेसखाली त्याच्या कडा उमटतात.

चष्मिष:
आठही प्रहर? झोपतानासुद्धा? तसा बेल्ट चालताना, उभं राहताना काही तास लावायचा असतो. डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवून घ्यावा. @मितभाषी, तुमच्या नावाचा फेरविचार करा.

मितभाषी:
अनुभव सांगितला तर हे असं. असो.

जुनंखोड:
थोडं अवांतर, पण रंजक. न्यूयॉर्कमधे लीना ब्रायंट नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी १९०४च्या सुमारास गरोदर बायकांना चारचौघांत घालता येईल असा ड्रेस शिवला. कंबरेला इलॅस्टिक आणि खाली चुण्यांचा घागरा. वर्तमानपत्रं अशा कपड्यांची जाहिरातच छापायला तयार नव्हती, १९११मधे एकाने छापली. त्या काळी पोट दिसू लागलं की बाईने घरात बसावं अशी अपेक्षा होती. तेव्हा तुमची पिढी नशीबवान आहे हो.

वैतागलेली:
काका, माहिती छान आहे, पण लीनाबाई माझ्या परिषदेआधी शिवून देणार नाहीत.
@सुईदोरा, धन्यवाद, हे पहिलं उपयोगी उत्तर. ड्रेस नाही मिळाला तर पँट कुठली? जी आहे तिचं इलॅस्टिक पोटाखाली रुततं आणि खाज सुटते. चपलांचंही सांगा, काळ्या हिल्स चालतील का?

निवांत:
खाज फक्त इलॅस्टिकच्या जागी आहे की तळहात-तळपायांनाही? रात्री वाढते का?

वैतागलेली:
हे काय नवीन? फक्त इलॅस्टिकच्या जागी. लाल वळ उठतात.

निवांत:
मग ठीक. पुरळ नसताना तळहात-तळपायांना जोराची खाज सुटली तर ते यकृताशी संबंधित असू शकतं, तेव्हा वाट न बघता डॉक्टरांना सांगायचं, म्हणून विचारलं. तसंच पाय संध्याकाळी थोडे सुजणं नेहमीचं आहे, पण चेहरा-हात अचानक सुजले, डोकं खूप दुखलं किंवा दिसायला धूसर झालं, तर त्याच वेळी दवाखाना गाठा.

सुईदोरा:
पँट: तुमच्याकडची पोटाखाली बसणारी दिसतेय. बसल्यावर ती हमखास रुतते. तुमचं बसणं जास्त, तेव्हा पोटावरून छातीपर्यंत येणारी मऊ निटेड पट्टी असलेली बघा. पट्टी सैल असेल तर गुंडाळत खाली येते, घट्ट असेल तर जेवणानंतर जळजळ वाढते. म्हणून दुकानात बसून, वाकून, पुन्हा उभं राहून बघा. आरशासमोर उभं राहून सगळंच छान वाटतं.

चष्मिष:
हिल्स नको. शरीराचा तोल पुढे गेलेला असतो, सांधेही सैल झालेले असतात आणि स्टेजवर वायरींचा पसारा असतो. टोकदार नसलेला, मागून घट्ट बसणारा सपाट बूट किंवा अगदी बुटकी रुंद टाच. खरेदी संध्याकाळी करा, पाय तेव्हा सर्वांत मोठे असतात. लेस किंवा बकल नको, खाली वाकून कोण लावणार?

दोनपोरांचीआई:
ब्राचं कुणीच बोलत नाहीये! आत्ता नवीन घेणार असशील तर दूध पाजायचीच घे, आणि शेवटच्या, म्हणजे सर्वांत सैल हुकावर बसेल अशी. बाळंतपणानंतर बरगड्यांचा घेर कमी होतो तेव्हा आतल्या हुकांवर येता येतं. कपमधे थोडी जागा राहू दे. जुन्या ब्रामुळे निम्म्या कपड्यांची फिटिंग बिघडते, हे मला दुसऱ्या खेपेला कळलं.

सुईदोरा:
हे मात्र शंभर टक्के बरोबर. शर्टाबद्दलचं भांडण मिटलं.

दोनपोरांचीआई:
मी भांडतच नव्हते. शर्ट चांगलेच होते.

ओलीशाई:
बाळाच्या कपड्यांसाठी सुती की होजियरी? कोणी सांगेल का?

चष्मिष:
वेगळा धागा काढा प्लीज.

वैतागलेली:
अपडेट: गडद निळा, पोटरीपर्यंतचा निटेड ड्रेस मिळाला. बाजूला चुण्या आहेत, बसून-उठून बघितलं. वरून माझं जुनं राखाडी जॅकेट, उघडं. बूट सपाट. आता नवीनच भानगड: आयोजकांचा मेल आलाय, कॉलर माइक लावणार आहेत आणि त्याची बॅटरीची डबी कमरेला अडकवायची असते. ड्रेसला कंबर कुठाय? कोणी केलंय असं?

निवांत:
जॅकेटच्या आतल्या खिशात टाका आणि वायर आतून वर घ्या. खिसा नसेल तर डबी ड्रेसच्या मागच्या गळ्याला अडकवतात, वर जॅकेट असल्याने दिसत नाही. पण निटेड गळा तिच्या वजनाने मागे ओढला जातो, म्हणून खिसाच बरा. मात्र मग उकडलं तरी बोलताना जॅकेट काढता येणार नाही.

सुईदोरा:
खिसा नसेल तर आतून एक चौकोनी तुकडा शिवून घ्या, दहा मिनिटांचं काम. किंवा सरळ हातात धरायचा माइक मागा.

वैतागलेली:
हातातलाच मागते.