मदत हवी आहे: बाबांच्या फोनमधली ॲप कमांडने काढली, आता फाइल जोडता येत नाही

नमस्कार मंडळी,

बाबांचा फोन ३२ जीबीचा. 'जागा संपली' हे रोजचं रडगाणं. कंपनीने आधीच भरून दिलेले गेम, बातम्या, दोन-दोन ब्राउझर साध्या मार्गाने निघत नाहीत, म्हणून रविवारी लॅपटॉपला जोडून एडीबीने (लॅपटॉपवरून अँड्रॉइड फोनला कमांड द्यायचं साधन) काढायचं ठरवलं.

बिल्ड नंबरवर सात टिचक्या मारून डेव्हलपर ऑप्शन्स उघडले, यूएसबी डिबगिंग चालू केलं. जोडलेले फोन दाखवणारी 'एडीबी डिव्हायसेस' कमांड दिली तर यादी रिकामी. अर्ध्या तासाने कळलं, केबल नुसती चार्जिंगची होती. दुसरी लावली तर 'अनऑथराइज्ड'. फोनवर परवानगीची चौकट आली होती, ती बाबांनीच 'नाही' म्हणून मिटवली. "अनोळखी काही आलं की नाही म्हणायचं, तूच शिकवलंस ना!"

शेवटी एका व्हिडिओत बघून 'एडीबी शेल पीएम अनइन्स्टॉल -के --यूझर ०' आणि पुढे पॅकेजचं नाव (ॲपचं फोनमधलं तांत्रिक नाव), असं करत २३ ॲप उडवली. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थात रोमनमध्येच केल्या.) दर वेळी 'सक्सेस' येत होतं, त्यामुळे हात जरा सैलच सुटला. काय काय काढलं ते लिहून ठेवलं नाही.

आता दोन त्रास आहेत. एक, जागा जेमतेम तेवढीच आहे. दोन, मेलला पीडीएफ जोडायला गेलं की फाइल निवडायची खिडकीच उघडत नाही. बाबांना वीजबिल पाठवायचंय आणि माझ्याकडे बघून उसासे चाललेत. फॅक्टरी रीसेट टाळता येईल का?

प्रतिसाद १:
रीसेट नको, सगळं फोनमध्येच आहे. ही ॲप सिस्टिमच्या विभागात असतात आणि तो विभाग फक्त वाचता येतो. '--यूझर ०' म्हणजे त्या वापरकर्त्यापुरतं काढलं. मूळ फाइल जागेवरच राहते. म्हणून जागा वाढत नाही. त्यात तुम्ही '-के' लावलंत, म्हणजे ॲपचा डेटाही मुद्दाम राखून ठेवलात!

फाइल निवडायची खिडकी म्हणजे डॉक्युमेंट्सयूआय. 'एडीबी शेल पीएम लिस्ट पॅकेजेस -यू' द्या. यात काढलेलीही दिसतात. '-यू' न लावता परत द्या. पहिल्या यादीत आहे आणि दुसरीत नाही, ते तुम्ही उडवलेलं. मग 'एडीबी शेल सीएमडी पॅकेज इन्स्टॉल-एक्झिस्टिंग' आणि पुढे पूर्ण नाव. इंटरनेटही लागत नाही.

प्रतिसाद २:
लांबलचक यादीतून नाव शोधायला विंडोजवर 'ग्रेप' चालणार नाही, 'फाइंडस्ट्र' वापरा. पॉवरशेलमध्ये (विंडोजची कमांडची खिडकी) प्लॅटफॉर्म टूल्सच्या, म्हणजे एडीबी असलेल्या, फोल्डरमधून चालवत असाल तर एडीबीच्या आधी टिंब आणि उलटी तिरकी रेघ द्यावी लागते, नाहीतर कमांड सापडत नाही म्हणून ओरडतं.

आणि पुढच्या वेळी एकदम अनइन्स्टॉल नको. आधी 'पीएम डिसेबल-यूझर --यूझर ०' करून, म्हणजे ॲप नुसतं बंद ठेवून, आठवडाभर फोन वापरू द्या, कुणी बोंब मारली नाही तर मग काढा. कीबोर्ड, सेटिंग्ज, सिस्टिमयूआय (वरची पट्टी, सूचना वगैरे दाखवणारं) यांच्या वाटेला तर जाऊच नका. फॅक्टरी रीसेटनंतर ही मंडळी परत येतात, मोठ्या अपडेटनंतरही येऊ शकतात, तेव्हा यादी जपून ठेवा. जागाच हवी असेल तर व्हॉट्सॲपचं मीडिया किती आहे ते बघितलंत का?

धागाकर्ता:
जमलं! दोन्ही याद्या नोटपॅडमध्ये शेजारी शेजारी ठेवल्या. डॉक्युमेंट्सयूआय मीच उडवलं होतं. नाव वाचून एखादं फालतू ऑफिस ॲप असेल असं वाटलं होतं. इन्स्टॉल-एक्झिस्टिंग दिल्याबरोबर खिडकी उघडली, वीजबिल गेलं. यूएसबी डिबगिंग बंद करून टाकलं.

व्हॉट्सॲपचं मीडिया ९ जीबी निघालं, बहुतेक सुप्रभातवाली फुलं. पुसू का विचारलं तर बाबा म्हणाले, "असू दे, तुझ्या कमांडने काय जागा होते ती बघ."