मदत हवी आहे: वर्गात स्वतःच्या धर्माबद्दल किती बोलायचं?
मी वसईकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते, स्वतः ख्रिस्ती आहे, वर्गात हिंदू, मुस्लिम, बौद्ध सगळीच पोरं. राखेच्या बुधवारी सकाळचा मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) करून तशीच शाळेत गेले, कपाळावर राखेचा क्रूस होता, तर पहिल्या बाकावरची एक मुलगी रुमाल घेऊनच उठली, "बाई, काहीतरी लागलंय, पुसू का?" मग सांगितलं की आज आमचा उपवासकाळ सुरू होतो, गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून ही राख करतात, बस दोन मिनिटं आणि लगेच भागाकार. दुसऱ्या दिवशी एक पालक मुख्याध्यापकांकडे, बाई धर्म शिकवतात म्हणून! सर म्हणाले पुढच्या वर्षी पुसून या. (सरस्वतीपूजनाला हार मीच ओवते, ते वेगळंच.)

घटनेचं कलम २८ वाचलंय, पूर्ण सरकारी पैशावरच्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही, ते मान्यच आहे, पण मुलीने विचारलं आणि उत्तर दिलं हे शिक्षण झालं का? आणि कलम २५, म्हणजे धर्मस्वातंत्र्य, मला पण आहे ना? शिक्षकांच्या खुणांबद्दल एखादा जीआर माहितीय का कुणाला? त्या पालकांशी स्वतः बोलू की सरांनाच बोलू देऊ?