मदत हवी आहे: हातावर नेमकी कुठली मोटर वाजली ते कळत नाही

नमस्कार मंडळी,

माझ्या मामांना दिसत नाही. रस्त्यात फोन बोलून दिशा सांगतो, पण इअरफोन घातला की गाड्या ऐकू येत नाहीत. म्हणून आर्डुइनोवर (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) हाताला बांधायचा, थरथरून दिशा सांगणारा पट्टा करतोय. मोबाइलमध्ये असतात तशा ८ चपट्या मोटरी, मनगटापासून कोपराकडे एका रेषेत, दर ३ सेंमीवर एक.

डोळे मिटून बसलो, बहिणीने बटणं दाबली. मनगटाजवळची आणि कोपराजवळची बरोबर ओळखली, मधल्या सगळ्यांचा गोंधळ. दोन एकदम लावल्या तर एकच थरथर जाणवते, तीही दोघींच्या मध्ये, जिथे मोटरच नाही! वायरिंग तीनदा तपासलं. व्होल्टेज कमी केलं तर वेग आणि जोर दोन्ही पडतात. मित्र म्हणतो मोटरी वाढव. वाढवू का?

प्रतिसाद:
उलट कमी करा. वायरिंग ठीक असणार, ही कातडीचीच तऱ्हा आहे. २०० ते ३०० हर्ट्झची थरथर मुख्यतः पॅसिनी कणिका, म्हणजे त्वचेतले कंपन ओळखणारे सूक्ष्म संवेदक, टिपतात. त्या खोलवर असतात आणि एकेकीचं क्षेत्र बरंच मोठं. त्यात लाट कातडीतून, हाडातून पसरते. कंपासची दोन टोकं टेकवून पाहा: बोटाच्या टोकावर २-३ मिमी अंतरही कळतं, हातावर साधारण ४ सेंमी लागतात. वेबर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने हे १८३४ मध्येच मोजलं होतं. मनगट आणि कोपर मात्र खुणेच्या दगडासारखे, तिथे जागा चांगली कळते.

तुमची ‘मधली’ मोटर गेओर्ग फॉन बेकेशी यांनाही भेटली होती. कानाच्या अभ्यासासाठी १९६१ चं नोबेल मिळालेले तेच. दोन्ही ठोके सारखे आणि एकाच वेळी असले तर जाणीव मध्ये येते. एक जेमतेम मिलिसेकंद आधी दिला, की ती त्याच्याकडे सरकते.

चारच मोटरी मनगटाभोवती लावा: वर, खाली, दोन बाजूंना. एका वेळी एकच, तीही छोट्या ठोक्यांत. सलग वाजवली तर त्वचा सरावते आणि काही वेळाने जाणवेनाशी होते.

धागाकर्ता:
आभार! चार लावल्या, चुका खूपच कमी झाल्या. ‘मागे वळा’साठी खालच्या मोटरला दोन ठोके दिलेत. मामा खूश. पण एसटीत बसल्यावर अख्खं अंगच थरथरतं, तेव्हा हे ठोके बुडून जातात. यावर कुणी काही करून पाहिलंय का?