अपघातातली मोटरसायकल: दुरुस्त केली की बदलली? आपापले अनुभव लिहा

मंडळी, उसाचा हंगाम सुरू झाला की आपल्या सातारा-सांगलीकडच्या रस्त्यांवर रात्री काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, अशी भरलेली ट्रॉली अंधारात उभी असते. नागठाण्याजवळ माझा भाचा तसल्याच एका ट्रॉलीला मागून धडकला. हेल्मेट होतं म्हणून वाचला. खांद्याचं हाड जुळलं, आता कामावरही जातोय. गाडी मात्र गॅरेजला पडून आहे. १५० सीसीची, पाच वर्षं व्हायला आलेली. पुढचं चाक, फोर्क (चाक धरणारे पुढचे दोन पाईप), हेडलाईट, मीटर, टाकी, सगळ्याला मार आहे. शोरूमवाले म्हणतात नवी घ्या, नेहमीचा मेकॅनिक म्हणतो उभी करून देतो, आणि बहीण म्हणते ती गाडी परत दारात नको.

तिघांचंही ऐकलं. पण चेसीसबद्दल, म्हणजे गाडीच्या मूळ लोखंडी चौकटीबद्दल, एकानेही नीट सांगितलेलं नाही, आणि माझ्या मते सगळ्यात आधी तेच बोलायला हवं. बाकी सगळं बदलता येतं. चेसीस वाकडी राहिली तर नवे पार्ट घालून उपयोग काय?

म्हणून हा धागा. गाडी कोणती, मार कुठे बसला, काय ठरवलं, आणि आज ती गाडी कशी चालते ते लिहा. शेवटचं विसरू नका. गॅरेजमधून गाडी आणली त्या दिवशी प्रत्येकजण खूश असतो. वर्षाने हायवेला ऐंशीच्या वेगात कसं वाटतं ते मला ऐकायचंय. शोरूमची आणि विमा कंपन्यांची नावं नकोत.

कराड, १५० सीसी

मलकापूरला सर्व्हिस रोडवर कुत्रं आडवं आलं आणि मी दुभाजकावर गेलो. पुढचं चाक मागे सरकून इंजिनला टेकायला आलं होतं. बघणारा प्रत्येकजण म्हणाला गाडी संपली. उघडल्यावर कळलं की फोर्कचे दोन्ही पाईप आणि त्यांना जोडणारी खालची टी वाकली होती, चेसीसला काहीच झालं नव्हतं. सगळा मार फोर्कने घेतला होता.

लेथवाला पाईप प्रेसवर सरळ करून द्यायला तयार होता, निम्म्या पैशात. मी नवे घातले, आणि कारण सांगतो. त्या पाईपवर हार्ड क्रोम असतो. वाकलेला पाईप सरळ करताना तो बारीक तडकतो. मग तिथून ऑइल सील खरवडतं, फोर्कचं ऑइल गळायला लागतं, आणि ते डिस्कवर उतरलं तर ऐन वेळी ब्रेक लागत नाही. दोन्ही पाईप, टी, कोनसेट (हँडलचं बेअरिंग), सील एकदम बदलून घेतलं. गाडी अजून माझ्याकडेच आहे. कोल्हापूरला नेहमी जाणं असतं, हँडल कधी ओढलेलं नाही.

वाई, १२५ सीसी

पसरणी घाटात पावसाळ्यात घसरलो. क्रॅश गार्ड, फूटरेस्ट, गिअर लीव्हर, एक इंडिकेटर. दुरुस्त केली, एका दिवसात परत रस्त्यावर. गाडी आडवी घसरली आणि गाडी कशावर तरी आदळली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घसरलेली गाडी बाहेरून भयंकर दिसते, आतून बहुतेक वेळा ठीक असते.

मिरज, माझं गॅरेज आहे

धागा काढणाऱ्या दादांनी बरोबर जागेवर बोट ठेवलंय. गिऱ्हाईक आलं की आधी टाकी बघतंय. टाकी शेवटी बघायची असती.

आधी गाडी धुवून घ्या. मग हँडलचा दांडा जिथं चेसीसमध्ये बसतोय त्या मानेवर बॅटरी मारून बघा. मानेला खालनं येणारा पाईप आणि वरनं येणारा पाईप जिथं जोडलाय, तिथं रंगाला सुरकुती पडलीय का, रंग उडालाय का? रंग आपोआप सुरकुतत नाही, खालचं लोखंड हललं तरच सुरकुततो. मग हँडल दोन्ही बाजूला पूर्ण वळवा. एका बाजूला टाकीला लागतंय आणि दुसऱ्या बाजूला नाही, म्हणजे स्टॉपर दबलाय नाहीतर टी तरी वाकलीय.

लोक दोरी लावून बघतात. मागच्या टायरच्या दोन्ही अंगांनी दोरी पुढच्या चाकापर्यंत ताणायची, पुढं दोन्हीकडं सारखी फट पाहिजे. पद्धत चांगली आहे, पण फोर्क वाकलेला असताना दोरी काही सांगत नाही. आधी चांगला फोर्क आणि चांगलं चाक घालून बघायला लागतं. चेन ॲडजस्टरच्या खुणाही दोन्हीकडं सारख्या ठेवायच्या, नाहीतर मागचं चाकच तिरकं आणि दोष चेसीसला. माझ्याकडं आली तर मी त्याच मॉडेलची दुसरी गाडी शेजारी उभी करतो आणि पुढचं चाक ते इंजिन हे अंतर दोन्हीकडं मोजतो. यात फसवाफसवी होत नाही.

आणखी एक. इंजिन माऊंटिंगचे बोल्ट काढून परत घाला. हातानं गेले तर बरं. हातोडी मारून घालायला लागले तर चेसीस पिळलीय.

आता निकाल. मागची शेपटी, म्हणजे सीटखालचा भाग वाकला असेल तर सरळ होतो, मी करून देतो. मान वाकली असेल तर मी गाडी घेत नाही. गॅसनं तापवून, साखळी लावून ओढणारे आहेत. दिसायला सरळ होती. पण तापवलेल्या ठिकाणी पहिली ताकद राहत नाही, आणि पुढच्या चाकाचा सगळा धक्का तिथंच येतोय. तसंच अलॉय व्हील सरळ करून घेऊ नका. ते ओतीव असतंय, ठोकून सरळ केलं तर आतनं चीर पडती. आऱ्यांच्या चाकाचं तसं नाही, रिम बदलून आरे ताणले की झालं.

दादा, भाच्याची गाडी बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांची) असेल तर हेडलाईटमागचं वायरिंग बघायला सांगा. २०२० च्या एप्रिलपासनं सगळ्या गाड्या बीएस-६ आल्या, त्यात सेन्सर आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, आलं. वायरिंग चेपलं असेल तर उघडल्यावर एस्टिमेट वाढणार, पहिल्या आकड्यावर जाऊ नका.

विटा, १५० सीसी, टोटल लॉस

खानापूर रोडला समोरून आलेल्या जीपने उडवलं. पाय मोडला, ते वेगळं. गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली किंमत, ५४ हजार आणि शोरूमचं एस्टिमेट ४३ हजार. सर्व्हेअरने सांगितलं, दुरुस्ती आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेली की टोटल लॉस, म्हणजे गाडी पूर्ण गेली असं धरतात. माझ्या बाबतीत ती रेषा ४० हजार ५०० वर होती. म्हणजे ठरवायचं मी नव्हतंच, आकड्यानेच ठरवलं.

पण त्यातही दोन रस्ते असतात, हे कुणी आपणहून सांगत नाही. गाडी कंपनीला देऊन पूर्ण आयडीव्ही घ्या, किंवा सांगाडा आपल्याकडे ठेवा आणि त्याची किंमत वजा करून उरलेले घ्या. मोडकी गाडी स्वस्तात आपल्याकडे राहते म्हणून दुसरा रस्ता बरा वाटतो. मी पहिला घेतला, कारण मानेला तडा दिसत होता. गाडीवर कर्ज बाकी होतं, त्यामुळे पैसे आधी फायनान्सकडे गेले आणि उरलेले मला मिळाले. कर्ज असेल तर हे आधीच हिशोबात धरा, नाहीतर नव्या गाडीचं डाऊन पेमेंट हातात आहे असं वाटतं आणि नसतं.

झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारा विमा, नसेल तर दुरुस्तीच्या क्लेमचंही गणित नीट समजून घ्या. प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी यांचे निम्मेच पैसे मिळतात. धातूच्या पार्टवर गाडीच्या वयाप्रमाणे कपात असते: पहिले सहा महिने काही नाही, चौथ्या वर्षात २५ टक्के, पाचव्यात ३५, पुढे दहा वर्षांपर्यंत ४०. आजकालच्या गाडीला बाहेरून प्लॅस्टिकच जास्त, म्हणून खिशातून जाणारा पैसा वाटतो त्यापेक्षा मोठा असतो.

तासगाव

अपघातात समोरच्याला लागलं असेल तर ठरवायची वेळ लगेच येतच नाही. गुन्हा दाखल होतो, गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात उभी राहते, आरटीओचे निरीक्षक ब्रेक वगैरे तपासून जातात. आम्ही कोर्टात अर्ज केला आणि सुपुर्तनाम्यावर, म्हणजे मागतील तेव्हा हजर करायच्या हमीवर, गाडी मिळाली. तोवर पावसाळा सुरू झाला होता. अपघातात फक्त पुढचा भाग गेला होता. परत मिळाली तेव्हा टाकीत पाणी, चेन गंजलेली, सीट फाटलेली. पहिल्या दिवशी दुरुस्त करण्यासारखी होती, नंतर नव्हती.

दोन गोष्टी करा. विमा कंपनीला लगेच कळवा, गाडी पोलिसांकडे असली तरी. आणि गाडी तिथे नेतानाच चारही बाजूंनी फोटो काढा, मीटरसकट. पंचनाम्याची प्रत मागून घ्या. सर्व्हेअरने बघितल्याशिवाय एक नटसुद्धा उघडू देऊ नका. चूक समोरच्याची असेल तर त्याच्या थर्ड पार्टी विम्यातून आपल्या गाडीचं नुकसानही मागता येतं, पण ते मोटार अपघात न्यायाधिकरणातून, म्हणजे वेळ लागणार.

इस्लामपूर

मी स्वतः मोटरसायकल चालवत नाही, मिस्टरांचा अनुभव लिहिते. पेठ नाक्याजवळ त्यांची गाडी टेम्पोला घासून पडली. दुरुस्ती अगदी व्यवस्थित झाली, चेसीस सरळ, मेकॅनिक ओळखीचा आणि चोख. तरी त्या गाडीवर बसले की समोरून टेम्पो आला रे आला की ते रस्ता सोडून साईडपट्टीवर उतरायचे. दुसऱ्या गाडीवर असं होत नव्हतं. मी आणि सासूबाई मागे लागलो आणि ती विकली. घेणाऱ्याला अपघाताचं सगळं सांगून, बिलं दाखवून विकली, त्यामुळे किंमत कमी आली. मला त्याचं वाईट वाटत नाही. मामा, तुमच्या ताई नको म्हणतात त्याकडे फक्त आईची भीती म्हणून बघू नका. भाच्याला एकदा त्याच्या गाडीसारख्या गाडीवर, त्याच रस्त्याने, रात्री नाही तर दिवसा, जाऊन यायला सांगा आणि मग विचारा.

सातारा, आर एक्स १००

वडिलांची गाडी. १९९६ नंतर ही गाडी बनलेलीच नाही, त्यामुळे बदलायची म्हटलं तरी तशी नवी आणणार कुठून? वाढे फाट्यावर कारने मागून ठोकलं. शेपटी, मडगार्ड, मागचं चाक, सायलेन्सर. मान आणि चिमटा (मागचं चाक धरणारा भाग) शाबूत. दुरुस्तच केली, पार्ट गोळा करायला वेळ गेला, खर्च गाडीच्या कागदावरच्या किमतीच्या बाहेर गेला. आनंदाने केला.

पण एक प्रसंग सांगायलाच हवा. पहिल्या गॅरेजमध्ये एकाने सुचवलं, "दुसरी चेसीस आहे, तुमचा नंबर पंच करून देतो." मी गाडी उचलून दुसरीकडे नेली. ती चेसीस कुठून आली कोण सांगणार? चोरीची निघाली तर वडिलांच्या नावावरची गाडी जप्त. चेसीस बदलायची तर आरटीओची परवानगी घेऊन, बिलासकट. गाडीवर कितीही जीव असला तरी हे करू नका.

कोरेगाव

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. दुरुस्त केलेली अपघाती गाडी मी विकत घेतली होती, मालकाने काही सांगितलं नव्हतं. चकचकीत रंग, नवे टायर. सत्तरच्या पुढे हँडल थरथरायचं. टायर बदलला, कोनसेट बदलला, चाकं ट्रू करून घेतली, थरथर तशीच. शेवटी टाकी उतरवल्यावर मानेखाली नव्या रंगाच्या आत वेल्डिंग सापडलं. बायकोला आणि मुलीला घेऊन मी त्या गाडीवर फिरत होतो, याचा आजही संताप येतो. जुनी घेताना चेसीस नंबरच्या आसपासचा रंग बाकी गाडीपेक्षा ताजा आहे का एवढं बघाच. ती गाडी मी पुढे कुणाच्या गळ्यात मारली नाही, पार्टमध्ये मोडली.

धागा काढणाऱ्याकडून

मिरजच्या भाऊंच्या सांगण्याप्रमाणे आज गॅरेजला जाऊन आलो. गाडी धुवून घेतली, मानेवर बॅटरी मारली. खालच्या पाईपच्या जोडाशी रंगाला स्पष्ट सुरकुती आहे आणि वरचा माऊंटिंग बोल्ट हाताने जात नाही. आमच्या मेकॅनिकनेही बघितलं आणि मान्य केलं. त्यामुळे ती गाडी उभी करायची नाही हे ठरलं.

पॉलिसीवर दोन तारखा आहेत. २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा सक्तीचा झाला, तो चालू आहे. ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा, एक वर्षाचा होता, तो संपलेला. म्हणजे आयडीव्ही वगैरे काही नाही, सगळं आपल्याच खिशातून. पण दुसऱ्या बाजूला, २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, त्यामुळे नवी थोडी आवाक्यात आली. इंजिन, मागचं चाक, चिमटा चांगले आहेत, ते विकून जे येईल ते त्यात घालू. इस्लामपूरच्या ताई, भाच्याला तुमचं लिहिणं वाचून दाखवलं. तो दिवसा जाऊन यायला तयार झालाय, माझी गाडी घेऊन.

आता एवढंच विचारतो, पार्ट विकल्यावर आरसीचं काय करायचं?

आष्टा

दादा, पार्ट विकायच्या आधी आरसी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली की १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. आमच्या वेळी चेसीस नंबरचा तुकडा कापून जमा करायला सांगितला होता, म्हणून तो सांगाडा आधी कुणाला देऊ नका. भंगारवाल्याला आरसी तर अजिबात देऊ नका, तुमच्या नावाचा नंबर दुसऱ्या गाडीवर फिरत राहील आणि समन्स तुमच्या घरी येईल. कर्ज फिटलेलं असेल तर फायनान्सची एनओसी सोबत लागेल. गाडी एमएच ११ ची असेल तर काम साताऱ्यात, एमएच ५० ची असेल तर कराडला.