ओडेवालेच्या हातातलं खोरं: रोटिमींच्या नाटकाबद्दल मदत हवी आहे

हळदीचं_शेत
नमस्कार मंडळी. मी इंग्लंडमध्ये नाट्यशास्त्र शिकतेय, मूळची सांगलीकडची. आमच्या विद्यापीठात ओला रोटिमींचं 'द गॉड्स आर नॉट टू ब्लेम' बसतंय आणि प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावरच्या वस्तू, माझ्याकडे आहे. पुलंनी मराठीत आणलेला 'राजा ओयदिपौस' आठवतोय ना? तीच सोफोक्लिसची गोष्ट, नकळत बापाला मारून आईशी लग्न करणाऱ्या राजाची, पण घडते नायजेरियातल्या योरुबा मुलखात. ओयदिपौसचा झालाय ओडेवाले. ग्रीक गोष्टीतली कोडं घालणारी राक्षसीण, स्फिंक्स, इथे नाही, कोडंही नाही. इकोलूच्या लोकांनी छळलेल्या कुटुजे गावाला हा परका माणूस लढायला उभा करतो, म्हणून गाव त्याला राजा करतं.

अडलंय खुनाच्या प्रसंगात. ग्रीक गोष्टीत वाट कुणी सोडायची यावरून भांडण होतं. इथे ओडेवालेच्या शेतातले याम (आपल्या कोनफळाचे भाऊबंद) एक म्हातारा माणसं लावून काढून नेतोय. बाचाबाची होते, आणि ओडेवाले हातातल्या शेतीच्या अवजारानेच त्याला मारतो. मला मिळालंय प्लायवूडचं पातं, वर चंदेरी रंग. तालमीत ते उचललं की वल्ह्यासारखं दिसतं. हळदीच्या रानात वाढलेल्या माझ्या हाताला ते पटतच नाही. लोखंडाचा हट्ट धरू का? आणि दुसरं, जे मला झोपू देत नाहीये: ओडेवाले जन्मल्याबरोबर भाकीत झालंय की हा बापाला मारणार. मग देवांना दोष नाही, असं नाव कसं?

इबादानची_शेजारीण
ताई, हट्ट धराच. मी नऊ वर्षं नायजेरियात, योरुबा मुलखातल्या इबादानला होते, यांच्या नोकरीमुळे. ओगुन हा तिथला लोखंडाचा देव. लोहार, शिकारी, सैनिक, ट्रक चालवणारे, सगळे त्याला मानतात. जुन्या धर्माची माणसं शपथ घेतात तीसुद्धा लोखंडावर हात ठेवून. ओडेवाले ते अवजार उगारताना ओगुनचंच नाव घेतो. प्लायवूडवर ओगुन कसा येईल?

दांडा आखूड हवा, पातं रुंद आणि धरणाऱ्याकडे वळलेलं. आपल्या खोऱ्याच्या जवळचं. कुदळ अजिबात नको. योरुबात त्याला 'ओको' म्हणतात. शेवटचा स्वर वर चढवला तर खोरं, सपाट ठेवला तर नवरा. शेजारच्या आजींनी मला दोन्ही दहा-दहा वेळा म्हणायला लावलं होतं. या नाटकात तर राणीच्या नवऱ्याला मारणारं अवजारच ते आहे. नाटक इंग्रजीत असलं तरी तुमच्या नटांना हे सांगा, फार फरक पडतो.

तिसरी_घंटा
नावाबद्दल बोलतो. हे नाटक पहिल्यांदा झालं ते 1968 साली, नायजेरियातल्या इले-इफेला. तेव्हा रोटिमी तिथल्या विद्यापीठात होते आणि देशात बियाफ्राचं युद्ध, म्हणजे जमाती-जमातींतल्या वैरातून पेटलेलं यादवी युद्ध, चालू होतं, 1967 ते 1970. हे डोक्यात ठेवून तो प्रसंग पुन्हा वाच. याम चोरीला जातात तरी ओडेवाले स्वतःला आवरतो. म्हातारा त्याच्या जमातीला रानटी म्हणतो, तिथे त्याचा तोल जातो. पुढे राजवाड्यातही तेच. आंधळा भविष्यवेत्ता बाबा फाकुनले सत्य सांगतो, तर ओडेवालेला वाटतं की मी बाहेरचा म्हणून अडेरोपोने, आधीच्या राजाच्या मुलाने, त्याला पैसे चारलेत.

आणि मला सगळ्यात जास्त लागतं ते हे: ज्या जमातीच्या अपमानापायी तो खून करतो, ती त्याची जन्माची जमातच नाही. तो कुटुजेचाच. शिवी देणारा त्याचा सख्खा बाप.

तरी नाव मला पूर्ण पटत नाही. तान्ह्या बाळाच्या पायाला कवड्यांची दोरी बांधून त्याला रानात पाठवलं जातं, ते भाकितामुळेच. रोटिमींनी भाकीत ठेवलं आणि दोष माणसावर टाकला. ही गाठ त्यांच्याकडूनही सुटलेली नाही. प्रयोगातही सोडवायला जाऊ नका.

हळदीचं_शेत
काकू, काका, मनापासून आभार. एका मैत्रिणीच्या मळ्यातून जुनं खोरं मिळालं. दांडा कापला, कडा कानशीने घासून अगदी बोथट केल्या. ओडेवाले करणाऱ्या मुलाला म्हटलं, याम जाताना खोरं जमिनीवरच टेकलेलं असू दे, जमातीचं नाव निघेपर्यंत उचलू नकोस. आज तसं केलं. त्याने ते उचललं, तेव्हा पात्याला चिकटलेली सुकी माती खाली पडली आणि गावकरी झालेली दोन मुलं, कुणी न सांगता, मागे सरकली.