क्रोन, गुरांचा रोग आणि टीबीच्या गोळ्या

कोणीतरी लिहिलंय की क्रोन्स हा आतड्यांना सूज आणि व्रण आणणारा आजार बुरिल क्रोन या डॉक्टरने एकट्याने शोधला आणि तो शहरातल्यांनाच होतो. दोन्ही चूक. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या १९३२ च्या लेखावर क्रोन, गिन्झबर्ग, ओपेनहायमर अशी तीन नावं होती. वर्णक्रमात 'सी' आधी, म्हणून क्रोनचं नाव चिकटलं. रुग्ण होते फक्त १४.

मला त्याहून भारी वाटतो ग्लासगोचा सर्जन डॅल्झिएल. १९१३ मध्येच त्याने अशी आतडी पाहून लिहिलं, हे गुरांच्या आतड्यांना होणाऱ्या जोन्स रोगासारखं दिसतंय, फक्त जंतू सापडत नाहीत. चारा भरपूर असून पातळ शेण टाकत वाळत जाणारी गाय ज्याने पाहिली, त्या कास्तकाराला हे लगेच कळेल.

आपल्याकडे मेख अशा सारखेपणातच आहे. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स, दोघांचीही आवडती जागा लहान आतड्याचं शेवटचं टोक, बायॉप्सीतही (आतड्याचा तुकडा काढून तपासतात त्यात) चकवतात. यवतमाळकडच्या माझ्या चुलतभावाला सहा महिने टीबीच्या गोळ्या चालल्या. गोळ्यांनी लघवी केशरी, वजन उतरतच, आणि कापूस वेचता वेचता घडीघडी डबा घेऊन धुऱ्याकडे पळणं. (घरचे म्हणायचे, नजर लागली.) शेवटी नागपूरला पुन्हा दुर्बीण टाकली, तेव्हा क्रोन्स निघाला.

आधी टीबीच्या गोळ्या दिल्या याचा राग नाही; क्रोन्सवर स्टिरॉइड देतात, आणि टीबी असताना ते दिलं तर टीबी उसळतो. पण दोन-तीन महिन्यांत दुर्बीण टाकून व्रण भरताहेत का हे बघायला हवं होतं. ते कोणी सुचवलंच नाही.